बी नसलेले फळ येते कसे?

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे रात्रीचा वाचनवर्ग भरतो. शेतातली कामे आटोपून, भाकरतुकडा खाऊन मंडळी येतात. एके रात्री वर्गातल्या एकाने पाटीभर द्राक्षे आणली. धडा संपल्यावर सगळ्यांनी चार चार मणी तोंडात टाकले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "गुरुजी, ह्या द्राक्षाला बी नाही. मग ह्याचा वेल कशातून येतो? बीच नाही तर पेरायचं काय?"

एक आजीबाई म्हणाल्या, "मी तर माझ्या सुनेला ही द्राक्षं खाऊ देत नाही. ज्याला बी नाही ते खाऊन पोटी पोर कसं राहील?"

मागून एक तरुण हसून म्हणाला, "अहो आजी, इंजेक्शन देऊन बी काढून घेत्यात!"

मंडळी हसली. पण तिघांच्याही बोलण्याला नीट उत्तर द्यायला हवे होते. त्या रात्री वेळ थोडा होता. म्हणून आज सावकाश सांगतो. हे लिहायला आणखी एक कारण आहे. त्यात माझीच एक चूक आहे. ती शेवटी सांगेन.

फळ कशासाठी असते?

झाड फळ धरते ते माणसाला गोड खाऊ मिळावा म्हणून नव्हे. झाडाला आपला वंश वाढवायचा असतो. त्यासाठी बी दूर जाऊन पडले पाहिजे. पाखरे, वटवाघळे, माकडे फळ खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. तिथे नवे झाड उगवते. म्हणजे फळ ही बियांची गोड पेटी आहे.

ही पेटी तयार कशी होते, ते परसातल्या लाल भोपळ्याच्या वेलावर पाहा. सकाळी लवकर जा. वेलावर दोन तऱ्हेची पिवळी फुले दिसतील. काही फुले नुसत्या लांब देठावर असतात. ती नरफुले. त्यांच्या आत पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. बोट लावले तर बोटाला लागते. दुसऱ्या फुलांच्या खाली गोटीएवढा इवलासा भोपळा असतो. ती मादीफुले.

मधमाशी नरफुलावर बसते. तिच्या अंगाला पराग चिकटतो. मग ती मादीफुलावर जाते. तिथे पराग पडतो आणि आत बी धरते. बी धरले की ते जणू वेलाला निरोप पाठवते, "मी आत आले आहे, अन्नपाणी धाडा." हा निरोप म्हणजे बियात तयार होणारा एक प्रकारचा रस असतो. त्याला संप्रेरक म्हणतात. तो मिळाला की वेल इवल्या भोपळ्याकडे अन्न पाठवतो आणि भोपळा फुगू लागतो.

मधमाशी आलीच नाही तर? बी धरत नाही. निरोप जात नाही. दोन-चार दिवसांत तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. आपल्या बायाबापड्यांनी हे कितीदा पाहिले आहे.

तर साधा नियम असा: पराग नाही तर बी नाही, आणि बी नाही तर फळ नाही. मग बिनबियांचे फळ येते कसे? याच्या मुख्य तीन वाटा आहेत. द्राक्षाची एक, केळीची दुसरी आणि कलिंगडाची तिसरी.

द्राक्षाची वाट: बी मध्येच थांबते

बिनबियांचे द्राक्ष उभे चिरा आणि उजेडात धरा. आत मऊ, बारीक, पांढुरके तुकडे दिसतील. तेच त्याचे बी. या वेलाच्या फुलात पराग पडतो, बी धरते, पण काही दिवसांनी त्याची वाढ थांबते. ते कच्चेच राहते. तोवर वेलाला थोडाफार निरोप गेलेला असतो, म्हणून मणी गळत नाही, वाढतो.

हे कोणी माणसाने औषध मारून केलेले नाही. असे वेल फार पूर्वी आपोआप निपजले आणि माणसाने ते जपले. याचा पुरावा आपल्या बोलण्यातच आहे. सुकवलेल्या द्राक्षाला आपण बेदाणा म्हणतो. हा शब्द फारशी भाषेतून आला. बे म्हणजे विना आणि दाणा म्हणजे बी. बेदाणा म्हणजे बिनबियांचा! इंजेक्शनची सुई निघण्याच्या कितीतरी आधीपासून लोक बिनबियांची द्राक्षे खात आले आहेत.

आपल्याकडे पूर्वी नाशिक भागात भोकरी, फकडी अशा जाती होत्या. त्यांना बी असे. १९६० नंतर थॉम्सन सीडलेस ही जात महाराष्ट्रात पसरली. सीडलेस म्हणजे बिनबियांची. ही जात मूळची इराण, तुर्कस्तान या बाजूची, फार जुनी. अमेरिकेत विल्यम थॉम्सन नावाच्या माणसाने १८७० नंतरच्या काळात ती लावली, म्हणून तिला त्याचे नाव पडले.

आता त्या बाईंचा प्रश्न. बी नाही तर वेल कशातून येतो? उत्तर सोपे आहे. काडीतून! वेलाची छाटणी केली की काड्या मिळतात. पक्की काडी मातीत खोचली, ओल राखली, की तिला मुळ्या फुटतात. हल्ली बरेच बागाईतदार आधी डॉगरीजसारखा जंगली खुंट लावतात. त्याची मुळे खाऱ्या जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरतात. मग त्या खुंटावर थॉम्सनच्या काडीचे कलम करतात. खाली मुळे जंगली आणि वर द्राक्ष गोड.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बियातून येते ते लेकरू. ते आईसारखे असेल किंवा नसेलही. पण काडीतून येतो तो तोच वेल. जणू एकच वेल तुकडे करून हजारो शेतांत लावला आहे.

कधी कधी अशा वेलावर एखादी फांदी वेगळी निघते. तिचे मणी लांबट असतात, किंवा रंग निराळा असतो. डोळस शेतकरी ती फांदी हेरतो, तिच्या काड्या काढतो, आणि नवी जात उभी राहते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी अशीच थॉम्सनमधून तास-ए-गणेश ही जात निवडली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका ही लांब मण्यांची जात काढली. ही माणसे शेतकरीच होती. त्यांचा मोठेपणा एवढाच, की त्यांनी आपल्या वेलाकडे रोज नीट पाहिले.

मग ते औषध कसले?

तरुणाच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. द्राक्षाच्या बागेत घड औषधाच्या पाण्यात बुडवतात, हे खरे. त्या औषधाला बागाईतदार जी.ए. म्हणतात. पूर्ण नाव जिबरेलिक अ‍ॅसिड. पण त्याने थॉम्सनचे बी जात नाही. बी तिथे आधीच नसते. बी अर्धवट राहिल्यामुळे वेलाला निरोप कमी जातो, मणी बारीक राहतो. तो कमी पडलेला निरोप माणूस बाहेरून देतो. मग मणी मोठा होतो.

या औषधाचा शोध भातशेतीत लागला. जपानमध्ये भाताला एक रोग पडे. रोगट रोपे भराभर उंच वाढत, फिकी पडत आणि कोलमडत. तिथले शेतकरी त्याला वेड्या रोपाचा रोग म्हणत. कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२६ साली दाखवले, की एका बुरशीच्या रसामुळे रोपे अशी वाढतात. पुढे कळले, की तशाच जातीचा रस झाडे स्वतःच्या अंगातही तयार करतात.

जपानमध्येच आणखी एक युक्ती निघाली. तिथल्या डेलावेअर नावाच्या द्राक्षाला बी असते. त्याचे घड फुलण्याआधी या औषधात बुडवले, तर बी धरतच नाही आणि तरी मणी वाढतो. म्हणजे औषधाने बी टाळता येते, पण तेही फुलण्याच्या आधी. तयार फळातून सुईने बी कोणी ओढून काढत नाही.

हे औषध फार थोडे लागते. चाळीस पी.पी.एम. म्हणजे एक लिटर पाण्यात ४० मिलिग्रॅम. १००० लिटर पाण्यात ४० ग्रॅम. एवढाच हिशेब. "थोडं जास्त घातलं तर जास्त फुगेल" असे म्हणून मूठ सैल सोडू नये. जास्त झाले तर घडाचे देठ जाड आणि कडक होतात, आणि पुढच्या हंगामाला वेल घड कमी देतो.

केळीची वाट: परागाची वाटच पाहत नाही

आता केळे घ्या. केळ्याला बी नाही हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्याचे नवलच वाटत नाही. केळ्याची चकती कापा. मध्ये काळे ठिपके दिसतील. त्या जागी बी व्हायचे होते, ते झाले नाही.

रानातल्या केळीला मात्र बी असते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर चवेणी उगवते. तिला रानकेळही म्हणतात. ती आपल्या केळीची चुलत बहीण. तिचे फळ टणक, काळ्या बियांनी भरलेले असते. गंमत पाहा. चवेणीला बी असते, पण बुडाशी पिले फुटत नाहीत. ती बियांतूनच उगवते. आपल्या केळीला बी नाही, पण बुडाशी मुनवे फुटतात. मुनवा काढून लावला की झाली नवी केळ. जळगावकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. आता प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत, केळीच्या कोंबाच्या बारीक तुकड्यापासूनही रोपे करतात. त्याला उतिसंवर्धन म्हणतात.

केळीचे फळ परागाची वाट पाहत नाही. पराग पडो न पडो, ते आपोआप भरते. शेडनेटमध्ये लावायच्या काही काकड्याही अशाच असतात. मधमाशी आत आली नाही तरी त्यांना काकडी लागते.

पण केळीत बी का होत नाही? हे समजायला थोडे गणित करावे लागेल. भिऊ नका. बैलांच्या जोडीचे गणित आहे.

प्रत्येक जिवाच्या अंगात अतिशय बारीक धागे असतात. आईबापांचे गुण त्यांतून लेकरात उतरतात. म्हणून त्यांना गुणसूत्रे म्हणतात. ज्या रानकेळ्यांपासून आपली केळी निपजली, त्यांच्या अंगात ती २२ असतात. बैलांसारख्या त्यांच्या जोड्या असतात. ११ जोड्या. बी धरण्याच्या वेळी प्रत्येक जोडी सुटते. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. बापाकडून ११, आईकडून ११. पुन्हा २२. हिशेब चोख.

आपल्या खाण्याच्या केळीत मात्र ३३ गुणसूत्रे असतात. ११ जोड्या नव्हेत, ११ तिकड्या. कित्येक हजार वर्षांपूर्वी आग्नेय आशियात रानकेळ्यांच्या संकरातून असे झाले. आता सांगा, तीन बैल दोन घरांत सारखे कसे वाटणार? एका घरी एक, दुसऱ्या घरी दोन. प्रत्येक तिकडीची अशी ओढाताण होते. वाटणी फसते. वाटणी फसली की बी होत नाही.

कलिंगडाची वाट: माणसाने केलेली तिकडी

जे केळीत निसर्गाने केले, ते कलिंगडात माणसाने केले. जपानचे हितोशी किहारा या शास्त्रज्ञांनी हे काम केले आणि १९५१ साली ते जगापुढे मांडले.

कलिंगडातही साधी गुणसूत्रे २२ असतात. किहारांना ३३ गुणसूत्रांचे कलिंगड हवे होते. पण एकदम ३३ कशी करणार? त्यासाठी दोन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी. लहान रोपाच्या शेंड्याला कोल्चिसिन नावाचे औषध लावतात. रोप वाढताना आतली गुणसूत्रे आधी दुप्पट होतात, मग दोन भागांत वाटली जातात. हे औषध ती वाटणी अडवते. त्यामुळे २२ ची ४४ होतात आणि तशीच राहतात.

कोल्चिसिन आपल्या ओळखीच्या एका वेलातही असते. पावसाळ्यात कुंपणावर कळलावी फुलते. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले. तिच्या कंदात आणि बियांत हे असते. ते जबर विष आहे. कळलावीचा कंद किंवा बी कधीही तोंडात घालू नका. मुलांनाही सांगून ठेवा.

दुसरी पायरी. ४४ वाल्या वेलाच्या मादीफुलावर २२ वाल्या साध्या वेलाचा पराग टाकतात. आईकडून निम्मी, म्हणजे २२. बापाकडून निम्मी, म्हणजे ११. बेरीज करा. ३३! जे बी मिळते, ते पेरले की वेल जोमदार वाढतो. पण त्याच्या फळात पक्के बी होत नाही. वाटणी फसते. केळीसारखीच. आत मऊ, पांढरी, पोकळ टरफले तेवढी राहतात.

औषध लागले ते पहिल्या रोपाच्या शेंड्याला. आपण खातो त्या कलिंगडाला ते लावलेलेच नसते. म्हणून खायला भीती नाही. पण हे बी दर साली नव्याने तयार करावे लागते. शेतकऱ्याला घरचे धरता येत नाही. म्हणून ते महाग असते. त्याची साल जाड असते, उगवणही नाजूक असते.

आता सर्वांत मोठी गोष्ट ऐका. कलिंगडाचे फळ केळ्यासारखे आपोआप भरत नाही. त्याला परागाचा धक्का लागतोच. आणि ३३ वाल्या वेलाचा स्वतःचा पराग निकामी असतो. म्हणून शेतात साध्या, बी असलेल्या कलिंगडाचे वेलही लावावे लागतात. साधारण तीन वेलांमागे एक साधा वेल. मधमाशी साध्या वेलाचा पराग आणते. त्याने बी होत नाही, पण फळ धरून वाढते.

हे मी आज ठणकावून सांगतो आहे. एके काळी हेच मला ठाऊक नव्हते.

आजींच्या शंकेचे उत्तर

आजीबाईंना मी त्या रात्री विचारले, "आजी, सत्यनारायणाच्या प्रसादात काय घालता?"

"केळं."

"डोहाळजेवणाला ताटात फळ कुठलं ठेवता?"

"केळं असतंच की."

"मग केळ्याला बी कुठं आहे?"

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "खरंच की रे बाबा. एवढ्या जन्मात मनात आलं नाही."

फळात बी नसणे आणि बाईला मूल न होणे यांचा काही संबंध नाही. सुनेला द्राक्षे खुशाल खाऊ द्यावीत. मात्र खाण्याआधी स्वच्छ पाण्याने नीट धुवावीत. बागेत कीड-रोगासाठी फवारे मारलेले असतात.

सगळीच झाडे एक असली तर

बिनबियांच्या फळाची एक गोडी आहे, तसा एक धोकाही आहे.

गोडीची गोष्ट आधी सांगतो. ब्राझील देशात बाहिया इथे संत्र्याच्या एका झाडाला बिनबियांची फळे येत. त्याच्या कलमांची रोपे १८७० साली अमेरिकेत नेली. १८७३ साली कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड गावी एलायझा टिबेट्स या बाईंनी त्यांतली दोन आपल्या अंगणात लावली. फळे लोकांना आवडली. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, तसे त्या दोन झाडांचे डोळे नेऊन लोकांनी मोठमोठ्या बागा उठवल्या. दोन झाडांतून एवढे झाले!

आता धोका. सगळी झाडे एकाच झाडाचे तुकडे असतील, तर जो रोग एकाला मारतो तो सगळ्यांना मारतो. बियांतून आलेल्या झाडांत दहा तऱ्हा असतात. आठ मेली तरी दोन तगतात. काडीच्या झाडांत तसे नाही. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या केळीच्या अफाट बागा होत्या. तिथे जमिनीतून मर रोग आला. त्याला पनामा रोग म्हणतात. १९६० च्या सुमारास व्यापारातून ती जात जवळजवळ उठली. तिच्या जागी आपल्या बसराईच्या कुळातली केळी लावावी लागली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार या केळीवरही पडू लागला आहे. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. मुनव्याबरोबर आणि मातीबरोबर ती गावोगाव जाते.

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. रोगट बागेतला मुनवा किंवा काडी कधीही आणू नका, फुकट मिळाली तरी. रोप घ्यायचे तर परवाना असलेल्या रोपवाटिकेतून घ्या आणि पावती मागा. आणि कोणी बाजारात "बिनबियांच्या द्राक्षाचं बी" म्हणून पुडी विकत असेल, तर त्याला विचारा, "ज्याला बीच नाही, त्याचं बी तू आणलंस कुठून?"

माझी चूक

आता ती गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या तात्यांनी अर्ध्या एकरात बिनबियांचे कलिंगड करायचे ठरवले. सोसायटीचे कर्ज काढले. बी भारी किमतीचे होते. त्याच्याबरोबर एक धाकटी पुडी होती आणि एक छापील कागद. तात्यांना वाचता येत नव्हते. ते माझ्याकडे आले.

"गुरुजी, ही बारकी पुडी कशापायी दिलीय, जरा बघता का?"

कागद इंग्रजीत होता. अक्षर बारीक होते. मी चष्मा लावून वरच्या चार ओळी वाचल्या. पुढचे नीट कळेना. पण मी मॅट्रिक झालेला, शाळेचा हेडमास्तर. "मला समजत नाही" हे म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणालो, "हे साधं बी दिसतंय. भारी बियात मिसळू नका. भेसळ होईल, फळात बी येईल."

तात्यांनी माझा शब्द मानला. ती पुडी त्यांनी बहिणीच्या गावी देऊन टाकली.

वेल छान पसरले. शेत हिरवेगार झाले. फुलांनी भरले. मधमाश्याही आल्या. पण मादीफुलांखालची इवली फळे एकामागून एक पिवळी पडून गळू लागली. तात्या रोज पहाटे जाऊन पाहत. फक्त पूर्वेच्या बांधाला लागून असलेल्या वेलांवर थोडी फळे धरली. बांधापलीकडे दुसऱ्याचे साधे कलिंगड होते.

कृषी सहायक आले. त्यांनी शेत पाहिले, बांध पाहिला आणि विचारले, "ह्याच्यासोबत साध्या बियाची पुडी होती. ती कुठं पेरली?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. बोलले मात्र काही नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

घरी येऊन मी तो कागद पुन्हा काढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला सगळे मराठीत छापले होते. ठळक अक्षरांत. "दर तीन वेलांमागे एक साधा वेल लावावा." मी पान उलटलेच नव्हते.

मी तात्यांकडे गेलो. म्हणालो, "तात्या, चूक माझी. मला कळलं नव्हतं आणि कळल्यासारखं बोललो." कर्जाचा थोडा भार मी माझ्या पेन्शनीतून उचलला. पण गेलेला हंगाम कोणाला परत आणता येत नाही.

तात्या म्हणाले, "गुरुजी, मला वाचता आलं असतं, तर कागद मीच उलटून पाहिला असता."

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते आमच्या रात्रीच्या वर्गात येऊ लागले. हात नांगराला सरावलेला, पेन्सिल धरताना बोटे दुखत. आता ते बियाण्याची पुडी, औषधाची बाटली, सोसायटीची पावती, सगळे वाचतात. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश. आणि कागद उलटून मागची बाजूही वाचतात.

त्या रात्री वर्गात द्राक्षे आणली होती ती त्यांनीच.

वाचून झाल्यावर सांगा पाहू:

१. बिनबियांच्या द्राक्षाचा नवा वेल कशातून तयार करतात?

२. केळीच्या अंगातील ३३ गुणसूत्रांची सारखी वाटणी का होत नाही?

३. बिनबियांच्या कलिंगडाच्या शेतात साध्या कलिंगडाचे वेल का लावतात?

४. तुमच्या घरात बियाण्याची किंवा औषधाची एखादी पुडी असेल. ती आणा आणि तिच्या दोन्ही बाजू वर्गात वाचून दाखवा.